सीट उचलणार कोण?

माझे भावोजी गाड्यांच्या सीटा दुरुस्त करायचे. गाद्या आणि कव्हरं नव्हेत, ते काम वर्कशॉपात दुसरे दोघं बघत. भावोजींकडे होतं ते सीट दुमडून उभी करायच्या यंत्राचं काम, म्हणजे मुख्यतः स्प्रिंगा. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. कोणी विचारलं, तुम्ही काय करता, तर म्हणायचे, "सीट हलकी करतो." ऐकणाऱ्याला वाटायचं, गृहस्थ थट्टा करतोय.

व्हॅनची मागची सीट तुम्ही कधी उचलली असेल. खटका ओढला की ती अलगद वर येते आणि पुढे झुकून उभी राहते, आणि आपल्याला वाटतं, आपणच उचलली. खरं तर बिजागरीपाशी एक पोलादी पट्टी गुंडाळून बसवलेली असते, भिंतीवरच्या जुन्या घड्याळात असते तशी. सीट खाली दाबताना ती आवळते आणि आपला जोर धरून ठेवते, उचलताना तोच परत देते. पट्टीचं टोक एका खाचांच्या चकतीत अडकवलेलं असतं. ते एक खाच पुढे नेलं की सीट उचलायला हलकी होते, पण तेवढीच दाबायला जड. "फुकट काही मिळत नाही," भावोजी म्हणायचे, "जोर कधी लावायचा एवढंच आपल्या हातात." आयुष्यात त्यांनी सांगितलेलं तत्त्वज्ञान एवढंच. बाकी बोलण्याचं खातं माझ्या ताईकडे होतं.

मी लग्न केलं नाही. त्यामुळे दुसऱ्यांच्या संसारात लक्ष घालायला मला भरपूर वेळ मिळाला, आणि ताईचं घर दोन गल्ल्या सोडून. पोस्टातून घरी येताना माझी वाट वर्कशॉपावरूनच जायची. एकदा असंच डोकावले तर एक धष्टपुष्ट गृहस्थ कोरी मोठी गाडी घेऊन आलेले. मागची सीट जड जाते म्हणून तक्रार.

भावोजींनी विचारलं, "सीट उचलणार कोण?"

"मीच. आणखी कोण?"

"आणि तुम्ही घरी नसाल तेव्हा?"

गृहस्थ घुटमळले. "आई. बाबांची चाकांची खुर्ची मागे ठेवावी लागते."

"मग आईंना घेऊन या."

"अहो, गाडी माझी आहे!"

"गाडी तुमची. सीट आईंची."

गृहस्थ तणतणत गेले आणि दुसऱ्या दिवशी खरंच आईला घेऊन आले, असं मला नंतर कळलं. भावोजींनी त्या माउलीपुढे आपली दोन बोटं धरली आणि म्हणाले, "दाबा." तिने दाबली. "आणखी जोरात." तिने दात-ओठ खाऊन दाबली. भावोजींनी मान डोलावली आणि त्या हाताला झेपेल अशी खाच लावून दिली. ही त्यांची कायमची पद्धत. घरातल्या सगळ्यात दुबळ्या हाताला सीट उचलता आली पाहिजे. वर्कशॉपचा मालक कपाळाला हात लावायचा. दहा मिनिटांच्या कामाला दोन दिवस! पण गिऱ्हाईक फिरून यायचं ते भावोजींनाच विचारत यायचं, म्हणून तो गप्प बसे.

ताई त्यांच्या अगदी उलट. ती बोलायला लागली की समोरच्याने खुर्ची ओढून घ्यावी. तिची स्वतःची व्हॅन होती. सकाळी शाळेची मुलं सोडायची, मग मागची सीट दुमडून उभी करायची आणि रोपवाटिकेतून कुंड्या भरून दुकानांना, ऑफिसांना पोचवायच्या. दुपारी सीट पुन्हा खाली, की मुलं घरी. रोज एकदा वर, एकदा खाली. आमच्या भागातल्या निम्म्या पोरांना वाटायचं, काकू म्हणजे ओल्या मातीचा वास येणारी बाई.

पन्नाशी उलटली आणि ताईच्या बोटांची पेरं सुजायला लागली. आधी बरण्यांची झाकणं भावोजींकडे गेली, मग पिळायचे कपडे. डॉक्टरांनी हातांना विश्रांती द्या म्हणून सांगितलं. लेक आणि जावई मुद्दाम सुट्टी काढून आले. आम्ही सगळे टेबलाभोवती बसलो आणि एकेकाने ताईला शहाणपण शिकवलं. त्यात मी आघाडीवर, हे सांगायला नकोच.

ताईने सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावर थाप मारली. त्या थापेनेही तिचा हात दुखला, ते मला दिसलं.

"ऐका. ज्या दिवशी ही सीट माझ्याच्याने उचलली जाणार नाही, त्या दिवशी मी स्वतः चावी ठेवून देईन. शब्द आहे माझा. तोवर मला कोणी अक्कल शिकवायची नाही."

भावोजी खाली मान घालून चहा पीत होते. मला वाटलं, नेहमीप्रमाणे यांचं लक्षच नाही.

पुढच्या रविवारी ते हत्यारांची पेटी घेऊन व्हॅनच्या मागच्या बाजूला शिरले. "काय करताय?" ताईने विचारलं. "तेल देतोय." मग हे रविवारचं तेल सुरूच राहिलं. ताई म्हणायची, "या माणसाने सीटला दिलं तेवढं तेल माझ्या डोक्याला दिलं असतं, तर वेणी गुडघ्यापर्यंत आली असती."

चौथ्या वर्षी माझी छत्री त्या सीटखाली राहिली. ती काढायला मी खटका ओढला आणि सीट अशी काही उसळली की माझ्या हनुवटीवर आदळून जीभ दाताखाली आली. तीन दिवस मला धड बोलता आलं नाही, आणि घरात सगळ्यांना ते चांगलंच मानवलं. पण बोलता येत नसलं तरी समजत होतं. सीट आपणहून एवढी हलकी होत नाही.

भावोजी बर्फ घेऊन धावत आले ते पांढरेफटक पडून. इकडे-तिकडे बघून हळूच म्हणाले, "मेहुणीबाई, पाया पडतो तुमच्या. हिला सांगू नका."

तेव्हा सगळं बाहेर आलं. कारखान्यातून आलेल्या खाचा पाच. त्यातल्या चार त्यांनी गाठल्या होत्या, आणि प्रत्येक खाचेपाशी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका ठेवला होता. मधल्या रविवारी खरोखर तेलच द्यायचे, संशय येऊ नये म्हणून. मुलांच्या अंगावर सीट उसळू नये म्हणून बाजूला दुसरी कडी बसवली होती, ती फक्त मुलं बसली की लावायची. दाबायला ती जड झाली, त्यावरही तोड काढली होती. ताईला सांगून ठेवलं, खटका जुना झालाय, बसून लावायचा. त्यामुळे दुपारी शाळेच्या फाटकापाशी वर्गातली दोन सगळ्यात गुबगुबीत पोरं आधी चढायची, सीटवर धपकन बसायची आणि ओरडायची, "काकू, बसली!"

"पण कशासाठी हा खटाटोप?" मी कसंबसं, बोबडं विचारलं.

"गाडी सुटली तर ती दिवसभर करेल काय? सुकून जाईल हो."

एवढं मोठं वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, ही गोष्ट आमच्या दोन्ही गल्ल्यांना ठाऊक. पण ही एक गोष्ट मी सात वर्षं पोटात ठेवली.

आणखी एक कोडं त्या दिवशी सुटलं. संध्याकाळी बातम्या लागल्या की भावोजी ताईपुढे दोन बोटं धरायचे आणि ताई ती मुठीत दाबायची. लग्नापासूनचा त्यांचा खेळ. मी चिडवायचे, "साठी आली तरी हातात हात! आम्ही उठून जाऊ का?" भावोजी लाजायचे. आता मला कळलं की अलीकडे तो नुसता खेळ राहिला नव्हता. ज्या आठवड्यात दाब कमी लागे, त्या रविवारी खाच पुढे जाई.

पाचवी खाच संपली तेव्हा त्यांनी कानशीने घासून सहावी पाडली. मग सातवी. सातव्या खाचेच्या रविवारी त्यांनी मला हळूच बोलावलं. पट्टीचं टोक सोडवून पुढे न्यायला एक लांब दांडा लागतो, आणि दांड्यावर भार द्यायला अंगात ताकद. ती आता त्यांच्यात नव्हती. "जरा हात लावा," म्हणाले. आम्ही दोघांनी मिळून ते टोक सरकवलं. त्यांनी थरथरत्या हाताने पांढरा ठिपका दिला, गाडीच्या मागच्या कडेवर टेकले आणि घाम पुसत हसले. "आता माझीच बोटं कोणीतरी दाबून बघायला पाहिजेत."

मी त्यावर काहीतरी फालतू विनोद केला. काय ते आठवत नाही, पण केला याचं वाईट वाटतं. चार महिन्यांनी भावोजी एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

पंधराव्या दिवशी ताईने व्हॅन बाहेर काढली. आम्ही कोणी अडवलं नाही. वर्ष गेलं. मी पोस्टातून निवृत्त झाले होते, म्हणून कधीकधी तिच्याबरोबर जायला लागले, आणि मग दुरून दिसत नव्हतं ते दिसलं. चावी फिरवायला तिला दोन्ही हात लागायचे. स्टिअरिंग ती मनगटांनी वळवायची. मुलं उतरली की चहाचा गरम पेला दोन्ही तळव्यांत धरून डोळे मिटून बसायची, आणि चहा प्यायचीच नाही.

एक दिवस मी म्हटलं, "पुरे कर ना आता, ताई."

मला वाटलं, टेबलावरची ती थाप पुन्हा ऐकू येणार. पण ती चिडली नाही. तिने मागे वळून सीटकडे पाहिलं, न येणाऱ्या बसची वाट बघावी तसं. "उचलली जातेय ना अजून," ती म्हणाली. "शब्द दिलाय मी. तिने नाही म्हटलं की थांबेन."

त्या रात्री मला सरळ दिसलं की ती दमली आहे आणि थांबायला तिला फक्त एक कारण हवं आहे. ते कारण भावोजींनी सात खाचांत बांधून ठेवलं होतं आणि त्यांच्यामागे त्याची वाट एकट्या मला माहीत होती. तिला सगळं सांगून टाकावं? मग नवऱ्याने आपल्याला दहा वर्षं फसवलं हे ओझं तिने कुठे ठेवायचं? आणि गप्प राहावं, तर आणखी किती वर्षं ती दोन हातांनी चावी फिरवणार?

रविवारी दुपारी ती झोपली असताना मी भावोजींची पेटी काढली. दांड्याच्या मुठीला त्यांनी गुंडाळलेलं फडकं तसंच होतं, बोटांच्या खुणांसकट. सीट उभी केली, झाकण काढलं आणि सात पांढरे ठिपके समोर आले. पहिले नेमके आणि गोल, शेवटचा फरफटलेला. जिवापाड जपून चढवलेलं मी एका दुपारी उतरवत होते. एकेक खाच मागे आणताना पट्टी खट्कन वाजायची आणि मी दचकून घराच्या दाराकडे बघायचे. पहिल्या खाचेवर टोक बसलं तेव्हा मी तिथेच बसून रडले. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

सोमवारी दहा वाजता ताईचा फोन आला. "रोपवाटिकेत ये जरा. सीट उठत नाही."

मी गेले तर कुंड्या रांगेत तयार आणि ताई मागच्या सीटवर स्वस्थ बसलेली. मी शेजारी बसले. तिने माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि माझ्या नखांकडे पाहिलं. मी तीनदा साबण लावूनही तो काळेपणा गेला नव्हता.

"तेल दिलंस वाटतं," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"बातम्यांच्या वेळी बोटं दाबून झाली की येत्या रविवारी तेल. अगं, मी बडबडी आहे, बावळट नाही." मग म्हणाली, "शेवटी शेवटी मी मुद्दाम सैल दाबायचे. म्हटलं, आता तरी हे म्हणतील, बास, ठेव चावी. तर यांनी आणखी एक खाच चढवली. मी आणखी सैल दाबलं, यांनी आणखी एक. इतका जीव लावून कोणी सीट हलकी करत असेल, तर आपण दमलो असं कुठल्या तोंडाने सांगायचं गं?"

मग तिने किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली आणि उठली. "पण आजच्या कुंड्या कबूल केल्यात. त्या पोचवू आणि मग गाडी विकू. चल, लाव हात."

खटका मी ओढला. तिने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने. सीट अर्ध्यावर येऊन अडली, आम्ही दम घेतला, पुन्हा जोर लावला आणि कशीबशी ती उभी केली. ताईने धापा टाकत सीटच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो तिथून काढला नाही.

"यांचं तेल मला माहीत होतं," ती म्हणाली. "पण ही सीट मुळात एवढी जड असेल, असं कधी वाटलं नव्हतं गं."