डाव्या कानातली हाक

मुलांनो, पणजीचा आवाज फक्त डाव्या कानात ऐकू येतो, तेवढं दुरुस्त करून घेऊ, असं परवा तुम्ही फोनवर म्हणालात. त्याआधी आमच्या शेजारच्या मस्कतचाचांविषयी लिहिते.

चाचा कोणाच्याही घरात शिरले की आधी पंखा बंद करत. मग तो मे महिना का असेना. "वहिनी, आता ऐका. घर बोलतं," म्हणत. मला फक्त नळ ठिबकताना ऐकू येई. मस्कतला ते ध्वनिमुद्रणाच्या कामावर होते. तिथून परतताना त्यांनी एक भारी माइक आणि तळहाताएवढा रेकॉर्डर आणला. माइक ते चाचींच्या जुन्या ओढणीत गुंडाळून ठेवत. रेकॉर्डरला म्हणत 'खेळणं'.

तुमच्या पणजीच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, घशाचं ऑपरेशन ठरलं. नंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते कळताच चाचा न बोलावता आले. पंखा बंद केला. माइकच्या वायरीचं टोक जाड, तीन पिनांचं, आणि खेळण्याचं भोक वाटाण्याएवढं. मध्ये त्यांनी एक जोड बसवला आणि हेडफोन लावला.

"आजी, बोला."

"काय बोलू मेल्या? भाषण करू?"

"मुलांना जेवायला हाक मारता ना, तीच मारा."

"चला रे पोरांनो, पानं वाढली!" माडावरचे कावळे उडाले. चाचांनी हेडफोन कानापासून लांब धरला. "बस, आजी! मुंबईपर्यंत पोचली."

ऑपरेशन होऊन सासूबाई घरी आल्यावर चाचांनी रेकॉर्डर आमच्या एकच स्पीकर असलेल्या जुन्या टेपला जोडला. हाक आलीच नाही. नुसती खसखस. सासूबाई निमूट उठल्या आणि त्यांनी पंखा बंद केला. तरीही काही नाही. चाचांचा चेहरा उतरला. त्यांनी घाईघाईने हेडफोन लावला, तर आवाज स्वच्छ, दोन्ही कानांत!

मधला जोड काढून त्यांनी उजेडात धरला आणि म्हणाले, "वहिनी, चूक माझी. या माइकच्या दोन तारांतून एकच आवाज जातो, एकीतून सुलटा, दुसरीतून उलटा. मोठं मशीन ते जुळवून घेतं. या खेळण्याने एक डाव्या कानाला दिला, एक उजव्याला. एका स्पीकरात दोघे भेटले की एकमेकांना पुसतात."

त्यांनी टेपला जाणाऱ्या वायरीतली उजवी तार कापली. हाक घरभर घुमली. सासूबाईंनी ती पुरी ऐकली, आणि चाचांना पाटाकडे बोट दाखवलं. चाचा जेवायला बसले.

त्याच तुटक्या वायरीने त्यांनी स्वतःच्या दोन स्पीकरांच्या टेपवर कॅसेट भरून दिली, म्हणून तिची उजवी बाजू रिकामी. तुमच्याकडचा आवाज तिच्यावरून घेतलेला आहे. उजवा कान भरायचा तर भरा, पण मूळ प्रत तशीच ठेवा.

खेळणं कधीच बिघडलं. सासूबाई गेल्या, मागोमाग चाचाही गेले. कॅसेटच्या सुरुवातीला लांबून चाचांचं "आजी, बोला" येतं, मग पणजीची हाक. एवढं शिल्लक आहे, डाव्या कानात.