अजून लवकर आहे

बहारीनमध्ये गुंडूदादाची बस पहाटे पाचला नईमहून सुटायची आणि सित्राच्या कारखान्यात माणसं सोडायची. कोणी धावत येताना आरशात दिसला की दादा थांबायचा आणि तो चढला की त्याला सगळ्यांसमोर झापायचा. "यल्ला, यल्ला, चल बेगीन! तुज्या सासऱ्याची गाडी आसा ही?" कुडाळकडचा माणूस, तोंडाने तिखट. पण त्याने मागे टाकून दिलेला माणूस मला तरी माहीत नाही.

मी बेनिटा, वसईची. डोळ्यांच्या एका लहानशा दवाखान्यात नर्स होते. डॉक्टर ताहिर तिथलेच, बहारीनचे. ते इंग्रजीत बोलायचे आणि मराठी पेशंट आला की मी भाषांतर करायची. त्याचा मला केवढा तोरा होता! डॉक्टरांचं वाक्य संपायच्या आत माझं मराठी तयार असायचं.

१९७९ साली दादा चाळशी करून घ्यायला आला. बायकोची, मालूची, पत्रं वाचताना अक्षरं लागत नव्हती, एवढीच तक्रार. डॉक्टरांनी चष्म्याबरोबर डोळ्याचा दाबही मोजला आणि आत दिवा मारून पाहिलं. मग म्हणाले, ग्लॉकोमा आहे, पण अर्ली आहे. थेंब रोज घालायचे आणि तीन महिन्यांनी दाखवायचं.

त्या दिवशी माझी शिफ्ट संपत आली होती आणि चर्चमध्ये कॉयरची प्रॅक्टिस होती. पर्स खांद्याला लावूनच मी दादाला सांगितलं, "काचबिंदू आहे दादा. पण अजून लवकर आहे. हे थेंब घाला, तीन महिन्यांनी या."

"लवकर आसा मा? मग बरां," दादा म्हणाला, आणि हसत गेला. मीही हसले. एका दमात काम उरकलं म्हणून स्वतःवरच खूश होते मी.

दादा तीन महिन्यांनी आला नाही. मला त्याची आठवणसुद्धा झाली नाही, हे खरं तेच सांगते. पुढे कधी बाजारात भेटला की मी विचारायची, "डोळे कसे आहेत?" तो म्हणायचा, "फस्क्लास!" खोटं नव्हतं ते. कंपनीच्या तपासणीत तो तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचायचा. काचबिंदू कडेची नजर आधी खातो आणि समोरची शेवटी, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही.

सात वर्षं अशी गेली. एका सकाळी नईमच्या थांब्यावर जमालुद्दीन नावाचा वेल्डर डाव्या अंगाने धावत आला. दादाने बस तशीच पुढे काढली. जमालुद्दीनने उडी मारली म्हणून वाचला, त्याचा डबा तेवढा चाकाखाली चेपला. बसमधली माणसं हसली. दादा हसला नाही. त्याला तो माणूस दिसलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आला. घाबरलेला असेल असं वाटलं होतं, पण गडी खुशीत! "सिस्टरबाय, आता पिकलो मा? काढून टाका एकदाचो."

"काय पिकलं, दादा?"

"बिंदू! तूच सांगलं हुतंस, अजून लवकर आसा. माज्या आवशीचो मोतीबिंदू पण पिकल्यारच काढलो. ता औषध झोंबायचा, पहाटे रस्तो काळोखी दिसायचो, म्हणान बाटली संपली ती परत घेतलंय नाय. म्हटलां, पिकांदे."

त्याने काचबिंदूला मोतीबिंदूचा भाऊ समजून सात वर्षं पिकू दिलं होतं. आणि 'लवकर सापडलाय' म्हणायच्या जागी 'लवकर आहे' मी म्हटलं होतं.

डॉक्टरांनी त्याला नजरेच्या तपासणीच्या यंत्रापुढे बसवलं. कडेला बारीक दिवा दिसला की टेबलावर टकटक करायची. मी दिवा फिरवत होते. एक मिनिट झालं, दोन झाली, टकटक नाही. मी वैतागले. "दादा, दिवा दिसला की वाजवा ना!"

"खंय आसा दिवो?" त्याने विचारलं.

नंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. डोळ्याची नस जिथून मागे जाते तिथे प्रथिनांच्या धाग्यांची एक बारीक जाळी असते. दाबाने त्या प्रथिनांतच आधी बदल होऊ लागतो, असं आता संशोधकांना दिसू लागलंय. बाजेचा काथ्या आतून विरत जातो आणि वर झोपणाऱ्याला कळत नाही, तसंच काहीसं मला समजलं. म्हणजे मी 'लवकर आहे' म्हणाले त्या दिवशीच काथ्या विरायला लागला होता. थेंब पडत राहिले असते तर बहुतेक टिकला असता.

मी दादाला सगळं सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं. तो चष्मा पुसत बसला.

"म्हणजे तेव्हा औषध चालू ठेवला असता, तर नजर रवली असती?"

"बहुतेक राहिली असती, दादा."

"आणि आता काढूक येणा नाय?"

"नाही. यात काढण्यासारखं काही नसतं. गेलेलं परत येत नाही. आहे ते सांभाळायचं."

त्याने मला एक शिवी घातली असती तर बरं झालं असतं. तो फक्त मान हलवत राहिला. बसची चावी त्याने त्याच आठवड्यात कंपनीत परत केली.

गावी जायच्या आधी तो माझ्या खोलीवर आला. त्याला आता कागदावरच्या ओळी सापडत नव्हत्या, म्हणून पत्र मला लिहायला सांगितलं. मी विचारलं, "डोळ्यांचं काय लिहू?"

"मालूक मोतीबिंदू म्हणानच लिव," तो म्हणाला. "ती वाट बघीत तरी रवतली."

"आणि कधी काढणार, असं तिने विचारलं तर?"

दादाने चाचपून पाकीट माझ्यापुढे सरकवलं. मग मीच लिहिलं, माझ्या चांगल्या वळणदार अक्षरात: काळजी करू नकोस, अजून लवकर आहे.