अडकलेला चेहरा

घरून काम सुरू झालं त्या वर्षी आमच्या टीममध्ये एक मुलगी नव्याने लागली. ती वर्ध्याला तिच्या घरी, मी खडकीला माझ्या घरी. तिला शिकवायचं काम माझ्याकडे होतं. मी काय शिकवलं ते कबूल करतो.

मीटिंगमध्ये अवघड प्रश्न आला की मी तोंड अर्धवट उघडं ठेवून पुतळ्यासारखा बसायचो. पापणीही हलू द्यायचो नाही. "यांचं नेट अडकलेलं दिसतंय," असं कुणीतरी म्हणायचं आणि प्रश्न दुसऱ्याकडे जायचा. मग मी हळूच जिवंत व्हायचो.

मी स्वतः नवा होतो तेव्हा नारायण पेठेतल्या एका सीनियरांच्या मागे खुर्ची ओढून बसायचो. "मानेवर श्वास सोडू नका, स्क्रीनकडे बघा," असं ते खेकसायचे. पण ते कुठे अडतात, क्लायंटला फोनवर काय सांगतात, सगळं कानावर पडायचं. या मुलीच्या कानावर माझं फक्त "छान, चालू दे" पडत होतं. बाकी तिला दिसायचा तो माझा चेहरा.

तिचं प्रोबेशन संपायच्या आठवड्यात तिने क्लायंटला काम दाखवलं. क्लायंटने विचारलं, रविवारचा रिपोर्ट रिकामा का येतो? मुलगी थिजली. तोंड अर्धवट उघडं. मागून तिची आई वाळलेले कपडे घेऊन गेली, थबकली, परत आली आणि तिचा खांदा हलवत म्हणाली, "काऊन वं, बोलत काऊन नाही?"

मीटिंगनंतर आमच्या मॅनेजर बाईंचा मला फोन आला.

"अहो, हिला कायम करायचं की नारळ द्यायचा?"

"मॅडम, ते ती माझ्याकडून शिकली."

"ते कळलं. जबड्याचा कोनसुद्धा तुमचाच होता. तिला तीन महिने वाढवून देते. या खेपेला कामातलं काहीतरी शिकवा."

मी लगेच मुलीला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"सर, मला वाटलं, आयटीत तशी पद्धतच असते," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "पण रविवारी रिपोर्ट रिकामा का येतो?"

मला माहीत नव्हतं. तसं म्हणालो, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझी स्क्रीन तिला दाखवत शोधायला बसलो. दहा मिनिटं मी भलत्याच फाइलमध्ये शोधत होतो. ते तिनेच सांगितलं.