म्हशीची चूक

आमच्या केडगावच्या घरात हाड मोडलं की आधी गुन्हेगार शोधतात. आईचा खुबा मोडला तेव्हा ती गोठ्यात म्हैस बांधत होती. म्हशीनं जरासा हिसका दिला, आई बसल्यासारखी खाली पडली, आणि पुढच्या बाजाराला वडिलांनी म्हैस विकली. मावशीचं मनगट मोरीतल्या दगडावर मोडलं. तो दगड पहारीनं उखडून बांधावर नेऊन टाकला. प्रत्येक वेळी घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

यंदा मी बाथरूममध्ये घसरले आणि माझंही मनगट मोडलं. दौंडच्या डॉक्टरांनी हाडांची तपासणी करून घेतली. हाडं विरळ झाली होती. त्यांनी विचारलं, "आईचा खुबा कधी मोडला होता का?"

"मोडला होता, पण ती म्हशीची चूक होती," मी म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. हाडांचा हा कमकुवतपणा बऱ्याचदा आईबापांकडून येतो, मुलीलाही सांगून ठेवा, एवढंच म्हणाले.

घरी आले तर गवंडी बाथरूमच्या फरश्या फोडत होता. नवऱ्यानं खडबडीत फरश्या आणून ठेवल्या होत्या. मी अडवलं नाही. फरश्या चांगल्या होत्या. प्लास्टर नसलेल्या हातानं शिरूरला मुलीला फोन लावला आणि डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं.

"आई, पावसाळ्यात माझंही मनगट मोडलं होतं. तुला काळजी नको म्हणून बोलले नाही. पण ते स्कूटीमुळं झालं. विकून टाकली आम्ही ती."