मधली खुर्ची

गल्लीत बाईंना सगळे ‘मिटवामिटवी’ म्हणायचे. पाटीवर ‘विवाह व कुटुंब समुपदेशन’ असं ठसठशीत लिहिलेलं होतं, पण खालचा इस्त्रीवाला पत्ता सांगायचा तो असा: “मिटवामिटवीकडे ना? जिना चढा, डावं दार. भांडत चढू नका, पायऱ्या निसरड्या आहेत.”

चाळिशीपर्यंत बाई टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या. कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड, याची तार त्याला जोडायची. बोर्ड मोडीत निघाला, बाईंना घरी बसवलं. बसणं काही जमेना, म्हणून लेकीच्या वयाच्या मुलींबरोबर वर्गात जाऊन त्या हे काम शिकल्या. खोली लहानशीच. तीन खुर्च्या, बाईंची मधोमध. एक टेबलपंखा. घड्याळ येणाऱ्यांच्या पाठीमागे टांगलेलं. वेळ संपत आल्याचं बाईंना दिसावं, त्यांना दिसू नये.

चष्मेवाला आणि त्याची बायको आले ते मुलीने ढकलल्यावर. फोनही तिनेच केला होता.

“दोन वर्षं झाली, आईबाबा एकमेकांशी बोलत नाहीत. ‘बाबांना सांग, वाढलंय.’ ‘आईला सांग, भूक नाही.’ तीन फुटांवर बसून! मला बाहेरगावी नोकरी लागलीय, एक तारखेला निघायचंय. मी गेल्यावर ते दोघं काय करतील हो?”

एक तारखेला सहा आठवडे होते.

पहिल्या गुरुवारी दोघं आले, पायपुसण्यावर पाय पुसत बराच वेळ उभे राहिले. अबोला कशावरून धरला, याच्या दोघांच्या दोन हकिगती निघाल्या, आणि दोन्हींत सालही वेगळं.

“मॅडम, यांना विचारा, माझ्या भावासमोर मला काय बोलले.”

“मॅडम, हिला सांगा, गंमत केली होती.”

बाईंनी विचारलं, सांगितलं. सांगता सांगता जरा धारही बोथट केली. ‘हिला काडीची अक्कल नाही’ हे बाईंच्या तोंडून ‘त्यांना तुमची काळजी वाटते’ असं होऊन पलीकडे पोचायचं. पाच गुरुवार असे गेले. दोघं वेळेआधी पाच मिनिटं हजर राहू लागले. चष्मेवाला चक्क दाढी करून यायला लागला. बाईही खूश होत्या. घरी भाजी निवडताना गुणगुणायच्या.

सहाव्या गुरुवारी, मुलीच्या निघण्याला तीन दिवस असताना, बायकोने पर्समधून एक कागद काढला आणि हात लांब करून वाचायला लागली.

“एक. यांना सांगा, गच्चीच्या टाकीतून पाणी गळतंय. दोन. यांच्या बहिणीचा फोन आला होता, सोमवारी.”

“ही कसली यादी?” बाईंनी विचारलं.

“आठवडाभराची. साठवून ठेवली.”

“मग घरी का नाही बोललात?”

बायकोला प्रश्नच कळला नाही. “अहो मॅडम, घरी तुम्ही कुठे असता?”

चष्मेवाल्याने मान डोलावली. दोन वर्षांत दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर.

“पोरगी गेली की सोमवार-गुरुवार दोन्ही दिवस येऊ म्हणतोय,” बायको म्हणाली. “म्हणजे मी म्हणतेय. यांना विचारा.”

बाईंच्या आता लक्षात आलं. सहा आठवडे खपून त्यांनी मुलीची जागा भरून काढली होती, दुसरं काही नाही. एक्सचेंजमधली सुपरवायझर खेकसायची ते त्यांना आठवलं: “जोडलीस ना? मग लाईनीतून नीघ! कान लावून काय बसलीस?”

बाई उठल्या. आपली खुर्ची उचलली.

“मी बाहेर बसते. बावीस मिनिटं उरलीत, ती तुमची.”

“आणि यांना कोण सांगणार?” बायको धास्तावली.

बाईंनी खुर्ची बाहेर नेली. दार ओढून घेतलं. ते कधीच नीट लागत नसे, फट राहिली. बाहेर बसून त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. आत फक्त पंखा घरघरत होता. चार मिनिटं. सात. आता कोणीतरी बाहेर येऊन ‘मॅडम, सांगा ना’ म्हणणार, या तयारीने त्या बसून राहिल्या.

“कागद एवढा लांब का धरलायस?”

चष्मेवाल्याचा आवाज.

“जवळून दिसत नाही.”

“कधीपासून?”

“झाले सहा-सात महिने.”

“माझं चष्म्याचं दुकान आहे. सांगता येत नाही?”

“कुणाकडून सांगू? पोरगी म्हणाली, ‘हे तरी तूच सांग.’”

“म्हणजे तिला माहीत होतं! आणि मला…”

बाईंनी खुर्ची अलगद उचलली आणि जिन्याच्या तोंडाशी नेली. तिथे शब्द कळत नव्हते, नुसते आवाज येत होते; आणि ते चढत होते. खालून इस्त्रीवाल्याने मान वर केली.

“बाई, जुंपलीय वाटतं. जा की, मिटवा!”

“भांडू देत,” बाई म्हणाल्या. “अजून बारा मिनिटं आहेत.”