कपाटावरचा कोट

माझी धाकटी बहीण पाच महिन्यांसाठी युरोपात शिकायला जाणार हे नक्की झालं, तेव्हा मिठाई आणायला सगळ्यात आधी मी धावले. नईम भागातल्या आमच्या बिल्डिंगखाली एक कोल्ड स्टोअर आहे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला बहारिनमध्ये असंच म्हणतात. तिथे पैसे देता देता फ्रीजच्या काचेत मला माझा चेहरा दिसला. ओठ हसत होते, बाकीचा चेहरा त्यांना साथ द्यायला तयार नव्हता.

कारण ती जागा आधी माझी होती. सहा वर्षांपूर्वी, तिच्याच कॉलेजातून, ती आता जाणार त्याच नदीकाठच्या छोट्या गावातल्या विद्यापीठासाठी माझी निवड झाली होती. तेव्हा अब्बा म्हणाले होते, "एकट्या पोरीला कुठे धाडायची? गावाकडं लोक काय म्हणतील?" रत्नागिरीहून दोन चुलत्यांचे फोन आले आणि विषय खलास झाला. आता बहिणीचा फॉर्म मात्र त्याच अब्बांनी चहा पिता पिता सही करून दिला. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, तर म्हणाले, "जमाना बदलला गो." जमाना बदलला, कबूल. पण तो नेमका माझी पाठ फिरायची वाट बघत का थांबला होता, हे मला कुणी सांगावं!

मी जुफैरमध्ये एका ट्रॅव्हल ऑफिसात काम करते. दुसऱ्यांच्या व्हिसाचे फॉर्म भरते, दुसऱ्यांची तिकिटं काढते. बहिणीचंही मीच काढलं. खिडकीजवळची सीट मुद्दाम दिली नाही. आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा त्या दिवसाचा चहा मला फार गोड लागला होता.

ते गाव मला तोंडपाठ होतं. सहा वर्षांपूर्वी मी त्याचे नकाशे बघून झोपत असे. चौकातलं घड्याळ, सायकलींची गर्दी, लायब्ररीमागचा पूल, सगळं. आणि एक कोटसुद्धा घेतला होता. इथल्या मॉलमध्ये परदेशी दुकानांचा थंडीचा माल येतो आणि कुणी घेत नाही म्हणून सेलला लागतो. तिथून ट्यूशनच्या पैशांतून घेतलेला, गडद हिरवा, गुडघ्यापर्यंतचा, मोठ्या बटणांचा. आतून उबदार आणि बाहेरून पाऊस झेलणारा. अब्बा नको म्हणाले त्या दिवशी मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत डांबराच्या गोळ्या घालून आमच्या खोलीतल्या कपाटावर बॅगांच्या मागे ठेवला. घरात कुणाला दाखवला नव्हता.

आता बहिणीला गरम कपडे हवे होते आणि ऑगस्टच्या बहारिनमध्ये ते कुठे मिळणार, या काळजीत अम्मी पडली. तोडगा मामूंनी काढला. मामू सित्र्याच्या बाजूला फ्रोझन मासळीच्या गोदामात आहेत. फ्रीझरमध्ये शिरताना घालायचं तिथलं जॅकेट ते घेऊन आले. नारिंगी, गादीसारखं जाड, छातीवर आणि पाठीवर चमकणाऱ्या पट्ट्या.

"मायनस अठरात आम्ही ह्यावर दिवस काढतो," मामू म्हणाले. "तिथं बर्फात लोळलीस तरी काय होणार नाय. यल्ला, घाल!"

हॉलमधला एसी सोळावर ठेवला आणि बहीण ते जॅकेट घालून मधोमध उभी राहिली. अम्मीने तिला फिरवून फिरवून पाहिलं. अब्बांनी मोबाइलवर फोटो काढला. बाहेर बेचाळीस डिग्री आणि आत हा सोहळा. बहिणीला शंका आली असावी. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "बाजी, खरं सांग. ऑड दिसतं का?"

खरं मला माहीत होतं. त्या गावात रस्ते खोदणारी माणसं असं जॅकेट घालतात. आणि तिथे कोरडी थंडी थोडी, पाऊसच फार. मासळीच्या गोदामात पाऊस कुठे पडतो? जुन्या शिवणीच्या त्या कापसात पाणी शिरलं की संपलं. हे सगळं मला माहीत होतं, आणि सहा पावलांवर कपाटावर तो हिरवा कोट होता.

"मस्त दिसतं," मी म्हणाले. "हेच ने."

हसू दे सगळ्यांना तिला, असं मला वाटलं होतं. निदान एक दिवस तिला तिथे परकं वाटू दे.

झालं उलटंच. महिन्याभरात तिचा व्हिडिओ कॉल आला. पुलावर उभी, अंगात नारिंगी जॅकेट, आजूबाजूला चार मैत्रिणी. त्यातली एक ते जॅकेट मागून घेऊन स्वतःचे फोटो काढत होती. अंधारात सायकल चालवताना त्या पट्ट्यांमुळे गाड्यांना आपण दिसतो, म्हणून तिथे म्हणे सगळ्यांना ते फार आवडलं. मामूंनी तो फोटो गोदामात प्रत्येकाला दाखवला. अम्मीने ईसा टाउनच्या मावशीला पाठवला. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. पूल माझा, नदी माझी आणि तिथे मासळीच्या वासाचं जॅकेट घालून मिरवते कोण, तर ही! हिचं वाईट चिंतलं तरी चांगलंच होतं. त्या रात्री भांडी घासताना मी एक बशी फोडली आणि साबणाला दोष दिला.

मग नोव्हेंबरात पाऊस लागला. रोज, बारीक, न थांबणारा. पहिल्या कॉलला ती शिंकत होती. दुसऱ्या कॉलला पलंगावरून बोलली. मागे हीटरवर ते जॅकेट वाळत टाकलेलं, पण दोन दिवस झाले तरी ते वाळत नव्हतं. तिसऱ्या कॉलला तिला एकशे तीन ताप होता, आणि अम्मी फोनवर दुवा पुटपुटत होती.

"दुसरं काय नाय का गो घालायला?" अम्मीने विचारलं.

"दोन स्वेटर घालते, अम्मी. होईल बरं, इंशाल्ला," ती म्हणाली, आणि खोकत राहिली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कपाटावरून पिशवी काढली. लंच ब्रेकमध्ये टॅक्सी करून कुरियरच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने हिंदीत विचारलं, "कोट नया है या पुराना?" मी कोट बाहेर काढला. बटणांवरचा पातळ कागदसुद्धा निघालेला नव्हता. सहा वर्षं मी त्याला हात लावला नव्हता आणि आता तो तिच्या अंगावर माझ्या पुलावरून फिरणार होता. माझ्याच्याने झालं नाही. "नया है," मी म्हणाले, त्याची घडी घातली आणि परत घेऊन आले. तिकडे बहीण तापाने फणफणत होती आणि मी इकडे स्टुलावर चढून तो पुन्हा बॅगांच्या मागे सरकवत होते. दुष्ट बाई कशी असते हे मला त्या दिवशी आतून कळलं.

आठवड्याने तिचा ताप उतरला. तिथल्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून तिने स्वतःच एक कोट घेतला.

जानेवारीअखेर ती परत आली. बारीक झाली होती. अब्बांना चॉकलेटं, अम्मीला शाल, मामूंना त्यांचं जॅकेट, स्वच्छ धुऊन. मग आमच्या खोलीत येऊन तिने दार लावलं आणि एक छोटी पुडी माझ्या हातात दिली. आत लोकरीचे हातमोजे होते. गडद हिरवे.

मी हातमोजे पाहिले, मग नकळत वर कपाटाकडे पाहिलं.

"कलर मॅच होतो ना?" तिने विचारलं. "मी आठवणीवरून घेतला, फोटो नव्हता माझ्याकडे."

"तुला कोट कधी दिसला?"

"ऑगस्टमध्ये. बॅग काढायला चढले होते तेव्हा. घालून पण बघितला. मला फिट बसला."

"मग मागितला का नाहीस? एवढी आजारी पडलीस..."

ती पलंगावर बसून बूट काढत होती. मान वर न करता म्हणाली, "बाजी, तू तो फेकला नाहीस, कुणाला दिला नाहीस. म्हणजे तुला अजून जायचंय. मी कसा नेणार?"

मी हातमोजे घातले. बरोबर माझ्या मापाचे होते. पाच महिने मी तिच्या गावावर, पुलावर, तापलेल्या कपाळावरसुद्धा जळत राहिले, आणि तिथल्या दुकानात उभी राहून ती माझा हात आठवत होती. मला रडू आलं, आणि खरं सांगते, रडतानाही मला तिचा हेवाच वाटत होता.