हृदयाचा एमआरआय आणि माझं पित्त

आमच्या घरात बायकांना फक्त पित्त होतं. बाकीचे आजार पुरुषांचे. म्हणूनच ऐन आंब्याच्या दिवसांत पेट्या भरताना माझ्या छातीत कळ आली, तेव्हा आमच्या ह्यांनी आधी आमसुलाचं सार पुढे केलं आणि मी कोसळल्यावर गाडी काढली. आमच्या पावस गावाहून रत्नागिरी जवळ, म्हणून वाचले. हार्ट अटॅकच होता. बंद पडलेली नळी उघडून तिथे स्टेंट बसवला.

पण आणखी एक नळी अरुंद निघाली. डॉक्टर म्हणाले, "तिच्यामागचा हृदयाचा स्नायू जिवंत असेल तरच ती उघडायची. मेला असेल तर उपयोग नाही. ते एमआरआयमध्ये कळेल." म्हणजे माझं काळीज जिवंत आहे की नाही, हे बघायला आता कोल्हापूर गाठायचं. इतकी वर्षं कुणी चौकशी केली नव्हती हो!

एमआरआयला अंगावर धातू चालत नाही. मंगळसूत्र, कुड्या, पाटल्या सगळं उतरवून ह्यांच्याकडे दिलं. दागिने ओंजळीत धरून हे असे रडवेले उभे, की मलाच म्हणावं लागलं, "अहो, आहे मी अजून!"

मग त्या नळकांड्यात सरकवलं. चिरेखाणीत झोपल्यासारखा खडखडाट. कानात एका पोरीचा आवाज, "श्वास सोडा, धरून ठेवा, हलू नका." एकत्र कुटुंबात नांदलेली बाई मी, श्वास धरून गप्प राहण्यात माझा हात कोण धरील? बाहेर आल्यावर ती पोर म्हणाली, "काकू, काय स्वच्छ फोटो आलेत तुमचे!" हातात टोचलेलं औषध मेलेल्या भागात साचतं आणि तेवढं पांढरं दिसतं, हेही आत सरकवण्याआधी तिनेच सांगितलं होतं. आत पडल्या पडल्या मी देवाला एवढंच विनवत होते, की पांढरं दिसू नये रे बाबा. घाबरले होते, खोटं कशाला बोलू?

डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. "आत्ताच्या अटॅकचा भाग नुसता बधिर झालाय, सुधारेल." माझ्या जिवात जीव आला. मग त्यांनी दुसऱ्या बाजूच्या पांढऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "त्या अरुंद नळीमागचा हा भाग मात्र मेलाय, काकू. ती आता उघडायची नाही. आणि हा व्रण जुना आहे. आधी एक अटॅक येऊन गेलाय तुम्हाला. आठवतंय काही?"

न आठवायला काय झालं! मागे एका गणपतीत, घर पाहुण्यांनी भरलेलं, मी मोदक वळत होते. डाव्या हातातून जबड्यापर्यंत कळ गेली, दरदरून घाम फुटला. सगळे म्हणाले, पित्त. मीही म्हटलं, पित्त. जरा भिंतीला टेकले, उठले, पंगत वाढली. डॉक्टरांना हे सांगताना माझा आवाज कापत होता, तो रागाने. काळजाचा तुकडा मेला माझ्या, आणि मी तूप वाढत फिरत होते!

डॉक्टर ह्यांच्याकडे वळले. "काका, तेव्हा तुमच्या काहीच लक्षात आलं नाही?"

"आलं होतं तर," हे ठामपणे म्हणाले. "त्या वर्षी मोदक फुटले होते."